ऑटोएफएस, पोर्ट १११ आणि सपोर्टवाल्यांचं एकच पालुपद – माझा अनुभव

आमचा टॉवेलचा कारखाना आहे सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनच्या सगळ्या फाईली एका सर्व्हरवर आणि डिझाइन सेक्शनच्या लिनक्स मशीनवर ते फोल्डर ऑटोएफएसने लागतं, म्हणजे कोणी आत शिरलं की आपोआप माउंट होतं (सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडलं जातं) आणि वापर थांबला की थोड्या वेळाने निघून जातं. सेटअपला काही नाही, ऑटो डॉट मास्टर या मुख्य फाईलमध्ये एक ओळ, कुठलं फोल्डर कुठून आणायचं ते सांगणाऱ्या मॅप फाईलमध्ये एक ओळ.

वैताग सुरू झाला तो नवीन फायरवॉल बसल्यावर. फोल्डर उघडायला गेलं की स्क्रीन बराच वेळ नुसती अडकून राहायची आणि मग 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. पण तेच हाताने माउंट कमांड मारून दुसरीकडे लावलं की चुटकीसरशी लागायचं! हे फोल्डर नेटवर्कवरून एनएफएस पद्धतीने येतं, त्याचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा दरवाजा, २०४९. फायरवॉलवाल्यांच्या सपोर्टला फोन केला तर, "सर, २०४९ ओपन आहे, हाताने माउंट होतंय ना, मग आमच्याकडून ओके आहे." आणि तिकीट क्लोज. परत उघडलं की नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा, परत तेच २०४९. मी एवढंच मागत होतो की बाबांनो, आमच्या मशीनकडून आलेली कुठली पॅकेट तुम्ही ड्रॉप करताय त्याचा लॉग दाखवा, तेवढं पाच मिनिटांचं काम कोणी करेना. इकडे लूमवर डिझाइन जात नाही म्हणून मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे, त्यांना मी काय सांगणार.

शेवटी वैतागून टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावला आणि दुसऱ्या खिडकीत फोल्डर उघडलं. आपल्या मशीनकडून पोर्ट १११ वर सिन पॅकेट (कनेक्शनची पहिली विनंती) जातंय, उत्तर नाही, परत जातंय, परत नाही. २०४९ कडे एकसुद्धा पॅकेट नाही! म्हणजे ऑटोएफएस माउंट करायच्या आधीच सर्व्हर जिवंत आहे का ते बघायला आरपीसीबाइंडला (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम), म्हणजे १११ ला, विचारत होतं आणि तिथेच अडकत होतं. एनएफएस व्हर्जन ४ ला खरं तर फक्त २०४९ लागतं, हाताने माउंट केलं की थेट तिथेच जातं, म्हणून ते चालायचं. आमच्या मॅपमध्ये एफएसटाइप एनएफएस४, म्हणजे व्हर्जन ४ च वापर असं, लिहिलेलंच होतं, तरी आमचं जुनं ऑटोएफएस १११ ला विचारायचं. चेंजलॉग (व्हर्जनमधल्या बदलांची यादी) चाळला तर हा बग नंतरच्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलेला, फक्त व्हर्जन ४ चं माउंट असेल तर आरपीसीबाइंडकडे जायचंच नाही. अपडेट मारलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि फोल्डर उघडलं. १११ उघडायची गरजच पडली नाही. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

टेस्ट करताना एक लक्षात ठेवा, हे मला कोणीतरी आधीच सांगायला पाहिजे होतं. माउंट एकदा फेल झालं की ऑटोएफएस ते ६० सेकंद लक्षात ठेवतं, त्याला नेगेटिव्ह टाइमआउट म्हणतात. त्यामुळे तुम्ही काहीतरी दुरुस्त करून लगेच बघितलं तर तीच एरर येणार, आणि तीही झटकन, अडकून न राहता. एक मिनिट थांबा, मगच ठरवा. सर्व्हिस बंद करून ऑटोमाउंट (ऑटोएफएसचा मूळ प्रोग्राम) फोरग्राउंडला डीबगसकट चालवला तर कुठे थांबतंय ते डोळ्यासमोर दिसतं.

आणि कोणी 'सॉफ्ट' (सर्व्हर उत्तर देईना तर काही वेळाने प्रयत्न सोडून देणारा) ऑप्शन टाका म्हणालं तर टाकू नका, सेव्ह होता होता नेटवर्क गेलं की फाईल अर्धवट राहू शकते. डिझायनरची दिवसभराची मेहनत असते ती, हार्डच (उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणारा) ठेवा.

बाहेरून बघितल्यावर फोल्डर रिकामं दिसलं तरी घाबरू नका, ब्राउझ मोड (न लागलेल्या फोल्डरची नावं आधीच दाखवायची सोय) बंद असला की तसंच दिसतं, नाव टाकून आत गेलं की लागतं. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी यासाठी मला फोन करतो.