घरातल्या सुतारकामाच्या खोलीला शिस्त लावताना: माझा अनुभव

सुतारकामाची खोली आवरायची म्हटलं की डोक्यात सगळ्यात आधी रॅक, ड्रॉवर, डबे हेच येतं. मी ते मुद्दाम शेवटाला ठेवलं, कारण आपल्याकडे नक्की काय काय आहे हेच माहीत नसताना डबे आणले की पसारा फक्त डब्यात जातो, कमी होत नाही. म्हणून आधी सगळं बाहेर काढलं, जमिनीवर मांडलं आणि ढीग केले. करवती एकीकडे, पटाश्या आणि रंधे एकीकडे, मोजमापाच्या वस्तू वेगळ्या, इलेक्ट्रिकची मशिन्स वेगळी. टेपा एवढ्या निघाल्या की हसू आलं, कारण एक सापडली नाही की दुसरी आणायची असंच चाललेलं असतं ना.

सगळ्यात जास्त जागा खात होते ते उरलेले लाकडाचे तुकडे. हत्यारं नाहीत, मशिन्स नाहीत, तुकडे. 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले, आणि गंमत म्हणजे लागतो तेव्हा तो सापडतच नाही आणि आपण नवीन फळी कापतो. इथे मनाशी भांडण्यापेक्षा एक नियम करून टाकला, वितीपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही, अपवाद फक्त चांगल्या कठीण लाकडाचा, त्यातून क्लॅम्पखाली द्यायच्या पट्ट्या आणि पाचरी होतात. जे ठेवले ते सगळे उभे, लांबीप्रमाणे, आणि टोकावर पेन्सिलीने लाकडाचं नाव. प्लायचे तुकडे वेगळे, कारण प्लाय आणि लाकूड एकत्र टाकलं की दोन्हीतलं काहीच पटकन मिळत नाही. तुकडे आडवे रचू नका एवढं मात्र नक्की सांगेन, खालचा हवा असला की वरचे सगळे उचलावे लागतात आणि मग माणूस खालचा घेतच नाही.

मग जागा ठरवायचा भाग. बरेच जण हत्यारं प्रकाराप्रमाणे लावतात, मला ते पटलं नाही. मी ती कुठे वापरली जातात त्याप्रमाणे लावली. गुण्या, पेन्सिल, पट्टी, मार्किंगची सुरी हे सगळं बेंचवर उभं राहिल्यावर डाव्या हाताला, एक पाऊलसुद्धा न टाकता मिळेल असं. पटाश्या आणि हातरंधे बेंचच्या मागच्या भिंतीवर, आणि धार लावायचे दगड त्यांच्याच खाली, कारण दगड लांब असला की 'आता राहू दे, नंतर लावू धार' होतं आणि बोथट पटाशीवर जास्त जोर लावून हात कापून घ्यायची वेळ येते. वर्षातून एकदा लागणारी वस्तू खुशाल वरच्या कप्प्यात जाऊ दे.

भिंतीसाठी फ्रेंच क्लीट, म्हणजे तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकांत अडकवून वस्तू टांगायची पद्धत, केलं आणि हे मला सगळ्यात आवडलेलं काम. 18 मिमी प्लायची पट्टी लांबीने 45 अंशात चिरायची, अर्धी भिंतीला घट्ट स्क्रूने बसवायची, तिरकी कड वर आणि तिचा उतार भिंतीकडे. उरलेली अर्धी हत्याराच्या होल्डरच्या पाठीला उलटी लावायची. दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वजनाने उलट घट्ट बसतात. यात मजा ही की जागा चुकली असं वाटलं तर होल्डर उचलून दुसरीकडे टांगायचा, नवीन भोकं पाडायची गरज नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं बरोबर ठरलंच पाहिजे हे टेन्शन राहत नाही. पटाश्यांच्या होल्डरला नुसती भोकं न पाडता पुढून खाचा ठेवल्या, म्हणजे पटाशी वर खेचावी लागत नाही, पुढे सरकवून काढता येते, आणि धारेच्या बाजूला एक पातळ पट्टी मारली म्हणजे खालून कुणाचा हात गेला तरी धारेला लागत नाही.

जागेचं गणित खरं अडतं ते टेबल सॉला, म्हणजे टेबलात ब्लेड बसवलेल्या गोल करवतीला. प्लायची पूर्ण शीट 2440 × 1220 मिमी असते, म्हणजे ती लांबीत चिरायची तर ब्लेडच्या आधी जवळजवळ अडीच मीटर आणि ब्लेडनंतरही तेवढंच मोकळं हवं. घरातल्या खोलीत हे कुठून आणायचं? मग दोन गोष्टी केल्या, शीट आधी जमिनीवर फोमवर ठेवून हातातल्या सर्क्युलर सॉने ढोबळ कापायची, आणि सॉला लॉकवाली चाकं लावायची. बेंचची उंची सॉच्या टेबलाहून किंचित कमी ठेवली, म्हणजे कापलेलं लाकूड न अडखळता सरळ बेंचवर सरकतं, वेगळं टेबल नको.

आता भुसा. नीटनेटकेपणा म्हणजे दिसायला छान असं मला आधी वाटायचं नाही आणि आताही वाटत नाही, माझ्यासाठी हा मुख्यतः भुशाचा प्रश्न आहे. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि आपण ती झाडूने हवेत उडवत बसतो. जाड भुसा आणि ढलप्या खाली पडतात, त्यांचं काही नाही, पण सँडिंगची बारीक धूळ, 10 मायक्रॉनच्या खालची, ती बराच वेळ तरंगत राहते आणि नाकातून आत जाते. म्हणून झाडू कमी, व्हॅक्युम जास्त, फिल्टर हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा), आणि कॉम्प्रेसरने धूळ उडवणं बंद. व्हॅक्युमच्या आधी झाकणाच्या बादलीवर सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं शंकूसारखं भांडं) बसवला तर जड भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर चोंदत नाही. सँडिंगला मास्क तरीही लावायचाच. आणि धूळ ओलावा धरते, त्यामुळे लोखंडी टेबलावर किंवा रंध्यावर साचून राहिली की खाली गंज सुरू होतो, उघड्या फळ्यांपेक्षा दाराचं कपाट बरं ते यासाठीच.

एक गोष्ट आवराआवरीत कुणी धरत नाही पण मी वर ठेवेन, तेलाच्या चिंध्या. जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगाळून भुशाच्या बादलीत टाकलं तर ते वाळताना हवेशी प्रक्रिया होऊन उष्णता तयार होते, गोळ्यात ती बाहेर जात नाही आणि ते आपोआप पेटू शकतं. मी ती बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण वाळवतो, नाहीतर पाणी घातलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात. ग्राइंडरही भुशापासून लांब ठेवलाय, ठिणग्यांमुळे, आणि त्याला भुसा ओढणारा पाइप तर अजिबात नाही जोडायचा.

बाकी स्क्रू पारदर्शक बरण्यांत, काचपेपर ग्रिटप्रमाणे, म्हणजे खरखरीतपणाच्या नंबरप्रमाणे, फाइलमध्ये, 80, 120, 180, 240, यात सांगण्यासारखं फार काही नाही. ड्रिल बिट्सचं मात्र अजून जमलेलं नाही. ठोकळ्यात ज्याच्या त्याच्या बिटाने भोकं पाडली, शेजारी साईज लिहिली, त्यामुळे मोठा बिट छोट्या भोकात जातच नाही, पण छोटा मोठ्यात आरामात बसतो, आणि घाईत 3 मिमीचा बिट 3.2 च्या भोकात जाऊन बसतोच. कुणी यावर काही चांगलं केलं असेल तर फोटोसकट सांगा, मी सध्या बिटाच्या दांड्यावर रंगाचा ठिपका द्यायचा विचार करतोय, पण चकमध्ये (ड्रिलच्या बिट पकडणाऱ्या जबड्यात) घासून तो किती टिकेल शंकाच आहे.