मुरबाडचे बटाटे: साल पक्की, आता साठवण

मुरबाडजवळच्या आमच्या जमिनीत अर्ध्या गुंठ्यावर यंदा 8 किलो कुफरी पुखराज जातीचा बटाटा लावला होता. 46 किलो निघाला. वजनापेक्षा जास्त आनंद आहे तो साल पक्की झाल्याचा.

गेल्या वर्षी पाला हिरवा असतानाच काढणी उरकली. धुताना साल बोटाखाली सुटत होती आणि पंधरा दिवसांत गोणीला वास आला. यंदा 3 फेब्रुवारीला पाणी तोडलं, 12 तारखेला पाला जमिनीलगत कापला आणि 23 पर्यंत वरंब्याला हात लावला नाही. मधे दोन बटाटे उकरून अंगठ्याने जोरात घासून बघितले. पहिल्या वेळी साल सरकली, दुसऱ्या वेळी नुसती माती निघाली. मगच कुदळ घेतली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाला टाक वरून, ऊन लागणार नाही." मी टाकला नाही. पाल्यात पाकोळीच्या, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या पतंगाच्या, अळ्या असतात, त्या थेट बटाट्यात उतरतात. उघड्यावर रात्रभर ढीगही ठेवायचा नाही. पाकोळी डोळ्यांपाशी अंडी घालते. वरंब्याला भेगा पडल्या होत्या तिथले तीन बटाटे असे निघाले: डोळ्यापाशी मोहरीएवढं भोक आणि तोंडाशी काळपट विष्ठेचे कण. दुसऱ्या भरणीला, म्हणजे वरंब्याला माती चढवायला, मी उशीर केला, त्याचा हा परिणाम. पुढच्या हंगामात भेग दिसली की लगेच माती ओढायची.

माल न धुता, कुदळ लागलेले चार किलो वेगळे काढून, बाकीचे बारा दिवस पडवीत गोणपाटाखाली पसरले. उजेड अजिबात नको, हिरवे पडलेले बटाटे खायचे नाहीत.

आता ठाण्यात घरी आणलेत. मार्चच्या उकाड्यात सहा-आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकतील असं मला वाटत नाही. फ्रिजमध्ये ठेवणार नाही, थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळ्या पडतात. सगळ्यात थंड जागा म्हणजे आतल्या खोलीतला पलंग, त्याखाली जाळीचे क्रेट, वर सुती चादर. कांदे बाल्कनीत, म्हणजे लांब.

बियाण्यासाठी काही राखलेलं नाही. नोव्हेंबरपर्यंत इथे शीतगृहाशिवाय ते तगणार नाही; बियाणं पुन्हा मंचरहून आणेन.

दर रविवारी क्रेट उपसून एकेक बटाटा हातात घेतो. पहिल्या रविवारी एकच मऊ लागला. कुदळीचा ओरखडा होता त्याला, वेगळे काढताना नजरेतून सुटला होता.