दक्षिणेची खिडकी आणि ठाण्यातली थंडी

ठाण्यातल्या थंडीला थंडी म्हणायचे की नाही, यावरून आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. माझ्या नणंदबाई निफाडच्या. डिसेंबरात त्या आमच्याकडे आल्या, की आम्ही अंगावर घेतलेल्या शालींकडे पाहून म्हणतात, ‘‘वहिनी, हा तर पंखा एकवर ठेवायचा ऋतू.’’ त्यांचे खरेच आहे. मुंबई परिसरात जानेवारीचे सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असते आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३०-३१ अंशांपर्यंत चढतो. येऊरच्या पायथ्याशी, आमच्या पोखरण रोडच्या बाजूला, पहाटे अंमळ जास्त गारवा जाणवतो खरा. पण इथून स्वेटर घालून निघालेला माणूस स्टेशनवर पोहोचेपर्यंत तो काढून हातात घेतो.

तरीही घर थंडीसाठी लावावे लागते, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण थंडीच्या कडाक्यात नसून या चौदा अंशांच्या अंतरात आहे. पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्यात जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक असतो. त्यामुळे घर सकाळी जसे असते तसेच रात्रीही चालते. हिवाळ्यात मात्र पहाटे पाच वाजता पायाखाली बर्फासारखी लागणारी फरशी आणि दुपारी दोन वाजता नकोशी वाटणारी शाल, ही दोन्ही एकाच घरातली, एकाच दिवसातली असतात. डोंगराळ मुलखातल्या घरांना ऊब कोंडून ठेवावी लागते. आपल्याला ती दिवसभर जागा बदलत शोधावी लागते.

हे कळायला मला एक अख्खा हिवाळा वाया घालवावा लागला. नौपाड्यातली आमची जुनी दुमजली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केली आणि आम्ही या चौथ्या मजल्यावरच्या घरात आलो, त्या वर्षी मी मोबाइलवर पाहिलेल्या चित्रांच्या नादी लागले. हॉलभर जाड लोकरी गालिचा अंथरला, खिडक्यांना दुहेरी पडदे लावले, टीपॉयवर व्हॅनिलाच्या वासाच्या मेणबत्त्या मांडल्या. तीन आठवड्यांत गालिच्यात इतकी धूळ बसली, की त्यावरून कोणी चालले तरी सासूबाईंना खोकल्याची उबळ येई. आमच्या बाजूला बाराही महिने कुठे ना कुठे खोदकाम चालू असते, हे मी गालिचा घेताना सोयीस्करपणे विसरले होते. जाड पडद्यांनी दुपारचे ऊन अडवले आणि मेणबत्त्यांच्या वासाने यजमानांचे डोके चढले. जानेवारी संपायच्या आत गालिचा गुंडाळून पलंगाखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी वस्तू आणणे बंद केले आणि ऊन बघायला लागले. आमच्या हॉलची बाल्कनी आधीच्या मालकांनी आत घेतली आहे आणि तिथली मोठी खिडकी थेट दक्षिणेकडे तोंड करून आहे. घर बघायला आलेल्या दोन-तीन नातेवाइकांनी दक्षिण दिशा ऐकून नाक मुरडले होते. पण ठाणे साधारण १९.२ अक्षांशावर आहे, आणि २१-२२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेच्या बाजूला असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर गणिताने ऊन सहा फुटांहून अधिक आत यायला हवे. आमच्या खिडकीवरच्या छज्ज्यामुळे ते पाच फुटांपर्यंत येते. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर चढला, की याच खिडकीतून दुपारचे ऊन आत येणे बंद होते आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे जी खिडकी थंडीत ऊन आत घेते, तीच उन्हाळ्यात ते बाहेर ठेवते. वास्तुशास्त्राशी माझे भांडण नाही. पण डिसेंबरातल्या दुपारी दक्षिणेच्या खिडकीत बसून कोणी दिशेला नावे ठेवावीत, असे मला वाटत नाही.

त्या वर्षी सासूबाईंनी एक गंमत सुरू केली. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, महालक्ष्मीची पूजा आटोपून नैवेद्य दाखवल्यावर, साडेबाराच्या सुमारास ऊन फरशीवर जिथपर्यंत आले होते तिथे त्यांनी पांढऱ्या खडूने एक बारीक रेघ ओढली. पुढच्या गुरुवारी ऊन रेघेच्या तीन-चार बोटे पुढे होते, म्हणून दुसरी रेघ ओढली. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते जागच्या जागी घुटमळले आणि मग मागे सरकू लागले. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना आम्ही तेवढा पट्टा ओल्या फडक्याने पुसू नका असे सांगितले होते. त्यांनी तीन दिवस ऐकले, चौथ्या दिवशी सवयीने पुसले, आणि सासूबाईंनी आठवणीने सगळ्या रेघा पुन्हा आखल्या. त्या रेघांवरून आम्ही घर लावले. सासूबाईंची वेताची खुर्ची टीव्हीसमोरून उचलून उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला ठेवली, ती अशी की पाय उन्हात आणि डोळे सावलीत राहावेत. पट्ट्याच्या मध्यात ताटे मांडून आवळा सुपारी वाळत घातली. दोन वाजता पलीकडच्या नव्या टॉवरची सावली येते आणि आमचे ऊन संपते. त्या टॉवरवर माझा राग आहे, पण त्याबद्दल इथे लिहिण्यात अर्थ नाही.

घरी आलेले पाहुणे हल्ली आपसूक त्याच कोपऱ्यात जाऊन बसतात. सोफा रिकामा राहतो आणि खुर्चीच्या आजूबाजूला, जमिनीवर, पाय पसरून गप्पा चालतात.

जमिनीवर बसायचे म्हटले, की फरशीचा विचार आला. आपल्याकडे चपला दाराबाहेर निघतात, त्यामुळे घराचे स्वागत पाहुण्याला सर्वांत आधी तळपायाला कळते, ही गोष्ट परदेशी चित्रांत दिसत नाही. गुळगुळीत टाइल आणि तिच्यावरची सतरंजी यांचे तापमान पहाटे जवळपास सारखेच असते. पण टाइल पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि सुती सतरंजी ती सावकाश घेते, म्हणून एक गार लागते आणि दुसरी लागत नाही. एवढे समजल्यावर सबंध हॉल झाकण्याची गरज उरत नाही. पलंगावरून पहिले पाऊल पडते तिथे, ओट्यापुढे, देवघरासमोर आणि उन्हाच्या कोपऱ्यात, अशा चार ठिकाणी आम्ही पातळ सतरंज्या घातल्या. त्या झटकता येतात, धुता येतात, दोरीवर एका दिवसात वाळतात. धुळीच्या गावात याहून मोठा गुण नाही.

पांघरुणांच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरी चादर रोजच्या वापराला उत्तम आणि घोंगडी गावी उत्तम. पण ठाण्याच्या थंडीला गोधडीच हवी. जुन्या सुती साड्या आणि धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेल्या थरांमध्ये हवा अडकते आणि ती ऊब धरते, तरीही सुती असल्यामुळे गोधडीत घाम कोंडत नाही. रात्री अकराला ती पायाशी असते, दोनला कमरेपर्यंत येते आणि पहाटे पाचला कानावर जाते. जाड रजईला असे हप्त्याहप्त्याने वर चढता येत नाही. आमच्या एका गोधडीत वरचा थर सासूबाईंच्या हिरव्या नारायणपेठीचा आहे. काठ विरला तिथे मी माझ्या एका कुर्त्याचे ठिगळ लावले आहे, ते त्यांना पसंत नाही आणि त्या अजून ते बोलून दाखवतात. एक मात्र आवर्जून सांगते. पावसाळाभर पेटीत राहिलेली गोधडी ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस उलटसुलट करून वाळवल्याशिवाय अंगावर घेऊ नये. डांबरगोळ्यांचा वास आणि दमटपणा नाकाशी घेऊन कोणाला ऊब वाटत नाही.

दिव्यांच्या बाबतीत आमचे एकमत व्हायला वेळ लागला. मुंबई-ठाण्यात सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या सुमारास. आणि सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या आसपास. म्हणजे संध्याकाळचा अंधार आधी येतो आणि थंडी मागाहून. म्हणून आम्ही आकाशकंदील दिवाळी संपताच उतरवत नाही, देवदिवाळीपर्यंत राहू देतो. आणि घरातले दिवेही तेव्हाच बदलतो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो: ६५०० म्हणजे पांढराफटक, २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारा. मी हॉलमधली ट्यूब बंद ठेवून दोन कोपऱ्यांत २७००चे दिवे लावले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढून उठून विचारले, ‘‘व्होल्टेज कमी आलंय का गं?’’ तिन्हीसांजेला घर लख्ख असावे, हा त्यांचा आग्रह मला मोडवत नाही. तेव्हा दिवेलागणीपासून जेवणे होईपर्यंत ट्यूब, त्यानंतर पिवळे दिवे, आणि त्यांच्या पोथीसाठी खुर्चीशेजारी वेगळा दिवा, असा तह झाला आहे. मुलगा कॉलेजातून उशिरा येतो. खालून चौथ्या मजल्यावरची पिवळी खिडकी ओळखू येते, असे तो एकदा म्हणाला. तेव्हापासून सासूबाई त्या दिव्यांना नावे ठेवत नाहीत.

खिडक्या कधी उघडायच्या, हा प्रश्न इथे वाटतो तितका साधा नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार थरामुळे तिच्यातला धूर आणि धूळ वर निघून जात नाही; सकाळी येऊरचा डोंगर राखाडी दिसतो तो नुसत्या धुक्याने नव्हे. म्हणून पहाटे उठून ‘ताजी हवा’ घेण्याची सवय आम्ही सोडली. ऊन वर आले, वारा सुटला, की दहा-अकरानंतर समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि सूर्य मावळता मावळता बंद करायच्या. सरकत्या खिडक्यांच्या चौकटीतली केसाळ पट्टी झिजली असेल, तर बंद खिडकीतूनही गार झोत आणि धूळ येत राहते. ती पट्टी बदलायला कारागिराला तासभर लागला, आणि आदल्या वर्षी पडद्यांवर केलेल्या खर्चापेक्षा ते काम कितीतरी स्वस्तात झाले.

मात्र दारे-खिडक्या घट्ट लावून आत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या शेकासाठी अजूनही काही घरांत शेकशेगडी येते, ओवा-धुरीच्या वासाने खोली भरून जाते आणि वारा लागू नये म्हणून सगळे बंद केले जाते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गुंगी येते ती झोप वाटते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा धोकाही हाच. झरोका गार वारा आणतो म्हणून त्यावर पुठ्ठा लावलेला मी ओळखीच्या एका घरी पाहिला आणि तो काढेपर्यंत तिथून उठले नाही. आगाऊपणा वाटला असेल, तर वाटो.

घराच्या वासासाठी आता आम्ही काहीच विकत आणत नाही. डिसेंबरात तुपात डिंक फुलतो, भोगीला वांगी, पावटा, सोलाणे आणि बोरे घातलेली भाजी रटरटते आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास जिन्यात पोहोचतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही हळदीकुंकू करता येते. आम्ही ते शनिवारी दुपारी करतो, कारण संध्याकाळी ऊन नसते. गेल्या वेळी वीसेक जणी आल्या. वाण घेऊन, तिळगूळ तोंडात टाकून लगबगीने निघण्याचा जो रिवाज पडला आहे, तो त्या दिवशी मोडला. खालच्या मजल्यावरच्या काकू सतरंजीवर टेकल्या त्या ऊन जाईपर्यंत उठल्या नाहीत आणि जाता जाता त्यांनी खडूच्या रेघा कसल्या, म्हणून विचारले.

रथसप्तमीला सासूबाई खिडकीपाशी पाटावर सूर्याची रांगोळी काढतात आणि मातीच्या बोळक्यातले दूध उतू जाऊ देतात. अंगण नाही, गोवरी नाही. गॅसवरच ते करावे लागते. यंदा दूध उतू गेल्यावर त्यांनी शेवटची रेघ ओढली. डिसेंबरातल्या रेघेपासून ऊन जवळजवळ दीड फूट मागे, खिडकीकडे गेले होते. खुर्चीत बसून त्यांनी पाय लांब करून पाहिले, ते उन्हापर्यंत पोहोचेनात. ‘‘खुर्ची पुढे घेऊ का?’’ मी विचारले.

‘‘राहू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता पुन्हा टीव्हीसमोर ठेव. आणि गोधड्या आजच उन्हात टाक, दोन वाजायच्या आत.’’