बारावा खोका

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या गोदामात शनिवारी संध्याकाळी डायलायझरचे, म्हणजे डायलिसिसच्या यंत्राला लावायच्या रक्त गाळणाऱ्या फिल्टरचे, बारा खोके छोटा उदेपूरच्या बाजूला निघायचे होते. स्क्रीनवर बाराही 'रवाना' दिसत होते. गाडीत मोजले तर अकरा.

डायलिसिसचे रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर बसतात, त्यांची पाळी पुढे ढकलता येत नाही. अकरा खोके घेऊन गाडी सोडली आणि मी लॅपटॉप उघडला.

आमच्या प्रत्येक खोक्यावर बॅटरी नसलेला आरएफआयडी टॅग असतो. रीडरच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवतो. फास्टॅगचं तंत्र हेच. दारावरच्या अँटेनाने टॅग वाचला की नोंद क्लाउडवर जाते आणि प्रणाली माल गेला असं धरते. दोन नंबरच्या दारातून जाणारा खोका अँटेनाला जेमतेम काही सेकंद दिसतो. या बाराव्याच्या नोंदी मात्र ४.१२ पासून ४.३८ पर्यंत येतच राहिल्या होत्या आणि मग एकदम थांबल्या. म्हणजे तो दारातून गेलाच नव्हता, दाराजवळ नुसता उभा होता!

हातातला रीडर घेऊन शोधायला लागले. टॅग जवळ आला, सिग्नल वाढला की त्याची बीप-बीप जलद होते. पण लोखंडी रॅकवरून लहरी उलटतात, त्यामुळे तो भलतीकडेच बोलवत होता. तिसऱ्या रांगेत दोनदा जाऊन रिकाम्या हाती आले. घशाला कोरड पडली होती.

तेवढ्यात आमचे लोडिंगचे काका आले. दांडिया बाजारातले, वीस वर्षं गोदामात. त्यांना वेळ सांगितली, ४.३८.

"अगं पोरी, साडेचारच्या सुमारास फोर्कलिफ्टवाल्याने सलाईनच्या बाटल्या रचलेलं पॅलेट इथे आणून टेकवलं ना!"

सलाईन म्हणजे पाणीच. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या, आम्ही वापरतो त्या लहरी पाणी शोषून घेतं. टॅग बाटल्यांच्या आड असेल तर रीडरला त्याचा आवाज ऐकूच येत नाही. बीपच्या मागे धावताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पॅलेट सरकवलं. मागे, भिंतीला टेकून, बारावा खोका. टॅगची बाजू बाटल्यांकडेच होती. रीडर पुढे केला आणि तो असा काही वाजला की काकांनी कानावर हात ठेवले.

रात्री साडेआठला टेम्पो डभोईच्या रस्त्याला लागला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभी होते.

सोमवारी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना दोन बदल सांगितले. दारावर टॅग बराच वेळ वाचला जात असेल तर 'रवाना' न दाखवता इशारा द्यायचा. आणि शोधाच्या पानावर 'माल कुठे आहे' ऐवजी 'शेवटचा कुठे दिसला' असं लिहायचं, शेजारी वेळेसकट.