जांभळ्याचे तपकिरी

परवा दुपारी द्राक्षे धुताना लक्षात आले की पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची सवय अजून हाताला आहे. दोन-चार खडे पातेल्यात टाकले की बुडताना ते मागे जांभळ्या रेघा सोडतात आणि त्या विरून पाणी गुलाबी होईपर्यंत मी सगळी कामे सोडून पाहत बसते.

आजोळी पावसाळ्याच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा माणूस हेच औषध बादलीत कालवून विहिरीत ओतत असे. दुसऱ्या दिवशी रहाटावरून आलेल्या पहिल्या कळशीत आजी डोकावून बघे. पाण्याला फिकी गुलाबी झाक उरली असेल तरच मात्रा पुरली, असा तिचा हिशेब होता. पटकीच्या साथीत विहिरींना हा उपाय करण्याचा पुरस्कार आग्र्याच्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात केला होता. पुढे ब्लीचिंग पावडर आली आणि विहिरींचा गुलाबीपणा गेला.

घाणीशी भिडताना हे द्रव्य स्वतः खर्ची पडते आणि जांभळ्याचे तपकिरी होते, म्हणून काम किती झाले ते डोळ्यांना दिसते. असे प्रामाणिक औषध मला दुसरे ठाऊक नाही. चिघळलेल्या इसबावर डॉक्टर याच्या पाण्याची पट्टी सांगतात, तीही दहा हजार भागांत एक भाग इतकी सौम्य, कारण गडद पाण्याने कातडी भाजते. नखांवर बसलेला तपकिरी रंग मात्र लिंबू चोळल्यावरच हटतो. नव्या जीन्सच्या मांड्यांवरचा झिजल्यासारखा पांढुरका पट्टाही पुष्कळदा याच्याच फवाऱ्याने काढतात, आणि लोक त्या जुनेपणासाठी जास्तीचे पैसे मोजतात! केळी लवकर पिकू नयेत म्हणून खोक्यात ठेवायच्या पुडीतही हेच असते. फळातून सुटणारा इथिलीन वायू ते गिळून टाकते.

हे तयार होते मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या खनिजापासून. आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला त्या खनिजाची मोठी खाण आहे. अशाच खनिजाची भुकटी करणाऱ्या ग्लासगोच्या कामगारांचे पाय लुळे पडू लागल्याचे आणि चालताना त्यांचा तोल जात असल्याचे जॉन कूपर या डॉक्टरने १८३७ साली नोंदवले होते. त्यांच्या श्वासातून किती धूळ आत गेली, हे दाखवणारा कोणताही रंग नव्हता.