कॉन्कॉर्डचा पूल आणि काकांची ठासणीची बंदूक

ऑक्टोबर २०२४. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल धरली आणि पाऊण तासात कॉन्कॉर्डला उतरले. सगळे इथे लाल पानं बघायला येतात. मला मात्र पूल बघायचा होता. स्टेशनपासून दोनेक किलोमीटर चालावं लागतं आणि मी एकदा रस्ता चुकल्यामुळे तीन झाले.

नॉर्थ ब्रिज म्हणजे साधा लाकडी साकव. हा मूळचा नव्हे, पुन्हा बांधलेला. खालची नदी इतकी संथ की एक पान पुलाच्या या बाजूने त्या बाजूला जाईपर्यंत मी अर्धं सँडविच संपवलं.

१९ एप्रिल १७७५, अमेरिकेच्या ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस. सुमारे सातशे ब्रिटिश सैनिक बोस्टनहून या गावात आले ते दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनला आठ माणसं मारून आले होते. इथे त्यांनी बंदुकीच्या गोळ्या गिरणीच्या तळ्यात फेकल्या (गावकऱ्यांनी नंतर बऱ्याचशा काढल्या!) आणि तोफांचे गाडे जाळले. तो धूर टेकडीवरून दिसला. जमलेल्या शेतकऱ्यांना वाटलं, गावच पेटवलं. ते खाली पुलाकडे निघाले आणि गोळीबार झाला. दोन ब्रिटिश सैनिक तिथेच पुलाशेजारी पुरलेत.

पलीकडे शेतकऱ्याचा पुतळा आहे. उजव्या हातात बंदूक, डावा हात नांगरावर, नांगरावर काढून टाकलेला कोट. पुतळ्यापुढे मी बराच वेळ रेंगाळले. १७९१ मध्ये या देशाच्या घटनेत पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. पहिलीत बोलण्याचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य, लगेच दुसरीत शस्त्र बाळगण्याचा हक्क. मला ही शेजारशेजारची मांडणी नेहमी विचित्र वाटायची. इथे उभं राहिल्यावर तिचा उगम कळला. अर्थात कागदावर आलं म्हणजे झालं असं नाही. सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, सरकारवरची टीका गुन्हा ठरवणारा कायदा त्यांच्याच काँग्रेसने केला. मॅथ्यू लायन नावाचा खासदार त्यात चार महिने तुरुंगात गेला आणि तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला.

आपल्याकडे ही जोडी उलट्या बाजूने ओळखली ती ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने. १८७८, एकच वर्ष. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा, त्यात जामीन मागा, छापखाना जप्त करा, कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना मात्र तो लागू नाही. आणि त्याच वर्षी शस्त्र कायदा : हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला. शस्त्रांचा १९५९ चा नवा कायदा लागू होईपर्यंत टिकला.

संध्याकाळी हे ताईच्या घरी उत्साहाने सांगितलं. भाचा दुसरीत आहे. त्याने जेवताना सहज सांगितलं की शाळेत दिवे बंद करून, आवाज न करता, कोपऱ्यात बसायचा सराव असतो, 'बंदूकवाला माणूस आला तर'. त्याने मला कपाटामागे कसं दबकायचं तेही करून दाखवलं. त्यानंतर माझा उत्साह निम्मा झाला. छापण्याच्या हक्काबद्दल मी कुणाशीही भांडेन, बंदुकीच्या हक्काबद्दल तितक्या जोराने भांडता येणार नाही.

तेवढ्यात गावाहून, कुडाळजवळून, काकांचा फोन. आमच्याकडे विधानसभेची आचारसंहिता नुकतीच लागली होती. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, दारू नळीतून ठासायची, त्या पुतळ्याच्या हातातल्यासारखीच. निवडणूक लागली की ती जमा. कधी कुणाला नुसती काठी उगारली नाही अशा माणसाला दर वेळी गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर बांधून ती पोचवावी लागते.

"देवन इलंय ठाण्यार," काका म्हणाले. "पण डुकरांका कोण सांगतलो आचारसंहिता लागली म्हणान?"

भात कापणीला आलं होतं.