आमची वाटचाल: आधी खाद्य, मग मासा

आमच्या हॅचरीची, म्हणजे माशांची पिल्लं काढून वाढवण्याच्या जागेची, सुरुवात आम्ही क्लाउनफिश या पांढऱ्या पट्ट्यांच्या माशापासून केली. सागरी शोभेच्या माशांच्या पैदाशीत उतरणारे बहुतेक सगळे तिथूनच उतरतात. हा मासा अंडी पाण्यावर सोडून देत नाही. दगडाला, फरशीला, मातीच्या कुंडीला चिकटवतो. नर त्यांची राखण करतो, परांनी पाणी हलतं ठेवतो, खराब झालेलं अंडं तोंडाने वेचून काढतो. जोडी लावायला नर-मादी ओळखत बसावं लागत नाही. दोन लहान पिल्लं एकत्र ठेवली की दांडगं असेल ते पुढे मादी होतं, दुसरं नर राहतं. मादी दगावली तर तोच नर मादी होतो.

त्यामुळे अंडी मिळायला फारसा त्रास पडला नाही. आधी ती केशरी असतात, मग काळपट होतात आणि शेवटी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकायला लागतात. २७-२८ अंशांच्या पाण्यात साधारण आठवडाभराने, दिवे मालवल्यावर थोड्याच वेळात, ती फुटतात. त्या संध्याकाळी आम्ही कुंडी उचलून लार्वाच्या, म्हणजे नुकत्या फुटलेल्या पिल्लांच्या, टाकीत ठेवतो आणि नराचं काम हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनकडे देतो. हवा कमी पडली तर अंडी आतच मरतात, जास्त झाली तर बाहेर आलेली पिल्लं आपटून मरतात. नवीन माणसाला आम्ही एवढंच सांगतो, की अंडी नुसती डोलली पाहिजेत.

खरी कसोटी दुसऱ्या सकाळी सुरू होते. चारेक मिलिमीटरच्या त्या पिल्लाला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीचा इवलासा नातलग, मोठा पडतो. त्याला रोटिफर हा त्याहूनही बारीक जलजीव लागतो, तोही भरपूर, कारण सुरुवातीला ते खाद्याच्या मागे धावत नाही. तोंडासमोर आलं तर टिपतं. टाकीत दर मिलिलिटरला दहाच्या आसपास रोटिफर ठेवावे लागतात. रोटिफर वाढवणं म्हणजे दुभती जनावरं सांभाळणं. वेळच्या वेळी चारा, गोठ्याची सफाई, आणि सणवार नाही. रोज थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. रोटिफर किती आहेत याच्याइतकंच त्यांतल्या किती जणींना मागे अंडं लटकलंय हे बघायचं. अंडीवाल्या माद्या कमी दिसायला लागल्या की पिंप बसणार, म्हणजे त्यातले रोटिफर एकदम मरणार, हे वरून सगळं ठीक दिसत असतानाच कळतं. म्हणून आम्ही कधीच सगळे रोटिफर एका पिंपात ठेवत नाही.

शिवाय रोटिफर जे खातो तेच पिल्लाच्या पोटात जातं. नुसत्या यीस्टवर पोसलेला रोटिफर दिला तर पिल्लं जगल्यासारखी दिसतात, आणि अंगावर पांढरे पट्टे उमटायच्या सुमारास पटापट मरतात. त्यांना डीएचए हे मेदाम्ल मिळायला हवं, त्यामुळे टाकीत सोडण्याआधी काही तास रोटिफरला तसं खाद्य द्यावं लागतं. टाकीच्या भिंती काळ्या आणि पाणी शैवालाने हिरवट ठेवलं की पिल्लांना रोटिफर नीट दिसतात आणि उजेडाकडे झेपावून ती भिंतीला धडकत नाहीत. पहिला आठवडा सरता सरता आर्टेमिया सुरू होतो. तो ताजा फुटलेलाच द्यायचा, टरफलं पूर्ण वेगळी करून. टरफल पोटात गेलं की पिल्लू अडकतं.

क्लाउनफिशचं तंत्र बसल्यावर मागणी आली ती तऱ्हेतऱ्हेच्या नक्षीची. आम्ही त्या नादाला बेताचेच लागलो. नक्षी विकली जाते हे खरं, पण आमच्याकडे निवड आधी बांध्यावर होते. कल्ल्यांचं झाकण आखूड असलेलं पिल्लू कितीही देखणं असलं तरी गिऱ्हाइकाकडे जात नाही.

पुढे बांगाई कार्डिनल घेतला. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या आसपास एवढ्याच भागातला हा मासा. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवलं. अंडी नराच्या तोंडात वाढतात, आणि पिल्लं पूर्ण घडल्यावरच तो ती बाहेर सोडतो. तोवर जवळजवळ महिनाभर तो काही खात नाही. पिल्लं संख्येने थोडी, पण पहिल्या दिवसापासून थेट आर्टेमिया खातात. हॅचरीचा खर्च भागवण्यात या माशाचा वाटा मोठा आहे.

गिऱ्हाईक मात्र टँग आणि एंजलफिश हे रंगीत सागरी मासे मागतं. त्यांची अंडी मिलिमीटरहूनही लहान, पाण्यावर तरंगणारी. बाहेर येणाऱ्या जिवाला धड डोळे नसतात, तोंडही नसतं. दोन-तीन दिवस तो पिवळ्या बलकावर काढतो, आणि मग उघडणारं तोंड इतकं बारीक असतं की रोटिफरही त्यात मावत नाही. तिथे कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जलजीवाची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात. हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये यलो टँग आणि फ्लोरिडा विद्यापीठाने २०१६ मध्ये ब्लू टँग वाढवून दाखवला, तो याच खाद्याच्या बळावर. कोपेपॉड रोटिफरसारखा दाटीवाटीत वाढत नाही, आणि त्याला जिवंत शैवालच लागतं. म्हणजे एका टाकीमागे शैवालाची किती पिंपं, हे गणित आधी.

आम्ही ते गणित हाती घेतलं आणि मासा नंतरवर ठेवला. मिळकतीतला मोठा भाग शैवालाच्या खोलीवर, पाणी गाळण्यावर आणि दिव्यांवर जातो. त्यातून एक जोडधंदाही उभा राहिला: इतर हॅचऱ्या आणि हौशी मंडळी आमच्याकडून कोपेपॉडची सुरुवातीची कल्चर, म्हणजे पुढे वाढवायचं बियाणं, नेतात. मँडरिनसारखा चोखंदळ मासा पाळणाऱ्यांना ती विशेष लागतात.

समुद्रातून धरलेला मासा अनेकदा स्वस्त पडतो, आणि भाव सांगितला की काहीजण तिकडे वळतात. त्यांना आम्ही टाकीत चिमूटभर कोरडं खाद्य टाकून दाखवतो. हॅचरीतला मासा लगेच वर येऊन खातो. जंगली माशाला तेच शिकवताना त्यातले काही हातचे जातात. टँग आमच्या यादीत अजून नाही. एंजलफिशच्या एका जोडीची अंडी नियमित मिळतात, त्यांच्या टाकीला कोपेपॉड पुरे पडतील इतकी शैवालाची पिंपं सध्या भरतो आहोत.